फेरातली मोकळी जागा

कडब्याच्या गंजीवर घातलेला फ्लेक्स सुलाबाई रोज सकाळी उगवतीच्या कोपऱ्यातून उचलायची. म्हशीला पेंढी काढायची म्हणून, असं सांगायची. पेंढ्या मावळतीकडूनही निघत होत्या आणि तिकडून काढायला सोप्याही होत्या, पण हे तिला सांगणार कोण? घरात सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

फ्लेक्स सांगलीच्या गेल्या वर्षीच्या कृष्णाकाठ महोत्सवाचा. वर मोठ्या अक्षरांत 'चला, सांगली बघायला!' आणि खाली तिचा थोरला, कृष्णात. पिवळा फेटा, पायघोळ पांढरा झगा, दोन्ही हातांत रुमाल आणि दोन्ही पाय जमिनीच्या वर. महोत्सव संपल्यावर धाकट्या दिग्विजयनं तो गुंडाळून घरी आणला होता. तेव्हा कृष्णात होता. त्यानं स्वतःच हसत हसत आपलं तोंड गंजीवर पसरलं आणि म्हणाला, "आता उन्हातानात उभं ऱ्हायाचं काम ह्येच्याकडं. मी सुटलो." दोन महिन्यांनी पाटणच्या डोंगरात मेंढरांमागं असताना त्याच्यावर वळवाची वीज पडली. त्या दिवसापासून फ्लेक्स उलटा होता, तोंड आत, कडब्याकडं, उगवतीच्या कोपऱ्याखाली. उन्हानं रंग उडू नये म्हणून सुलाबाईनंच तो तसा घातला होता.

आज कोपरा उचलला नि कवठे महांकाळच्या रस्त्यानं गाडीचा हॉर्न वाजला. तिनं कोपरा सोडला, हात पदराला पुसले. दिग्विजय आला होता आणि त्याच्याबरोबर त्याची साहेबीण.

साहेबीण म्हणजे शिवांजली. साताऱ्याकडची, ऊसवाल्या फौजी घरातली पोर. तिकडं डोंगरावरच्या शर्यती भरवून नाव कमावलं आणि आता सांगलीचा महोत्सव तिच्या हाती आला होता. दिग्विजय तिच्याच हाताखाली कामाला होता. पोर वागायला चांगली होती. आल्या आल्या नानासोंच्या पाया पडली. नानासो म्हणजे सुलाबाईचे मालक, बिरोबाच्या देवळापुढल्या गजी फेराचे, म्हणजे धनगरांच्या गोल नाचाचे, ढोलकरी आणि अख्ख्या गावाचे आबा.

"सकाळी पुलावरून दौड, दुपारी सिनेमा, संध्याकाळी मिरजेची सतार आणि शेवटी तुमचा गजा," शिवांजली सांगत होती. "परगावचे लोक सांगलीत मुक्कामाला राहिले पाहिजेत, आबा. आत्ता काय होतं, कोल्हापूरला जाता जाता लोक बाहेरच्या बाहेर निघून जातात. आपल्याकडं बघण्यासारखं काही आहे हे त्यांना माहीतच नाही."

"हाय की. लय हाय," नानासो म्हणाले. "बघा तर आमचा सराव."

देवळापुढं गडी जमले होते. ढोलावर टिपरू पडलं, झांज बोलली आणि फेर सुटला. शिवांजलीनं मोबाइल वर धरला. तिच्या तोंडावरचं कौतुक काही खोटं नव्हतं. मग मध्येच तिच्या कपाळाला आठी पडली.

"दिग्विजय, सगळं मस्त आहे. फक्त तिथं गॅप पडतोय बघ. ड्रोननं वरून घेतलं की पुढचा दात पडल्यासारखं दिसेल."

ढोल थांबला. गडी एकमेकांकडं बघायला लागले. देवळाच्या पायरीवर बसलेली सुलाबाई उठून उभी राहिली. दात म्हणे!

त्या घरची रीत होती. फेरातला गडी गेला की वर्षभर त्याची जागा कुणी घ्यायची नाही. शेजारच्या दोघांनी मध्ये माणूस असल्यासारखंच अंतर राखायचं, गिरकी घेताना त्याला वाट द्यायची. त्याचा झगा, फेटा, रुमाल गाठोड्यात बांधून ढोलापाशी ठेवायचे. फेर जिथं जाईल तिथं गाठोडंही जाणार. वर्ष भरलं की गेलेल्याच्या आईनं त्याच्या भावाला नाहीतर पोराला भंडारा लावून त्या जागी उभं करायचं. तोवर तो नाचतोय असं धरायचं. त्यानंतर मात्र नाही.

"म्याडम, ते मी बघतो. तुमी च्या घ्या," दिग्विजय घाईघाईनं म्हणाला आणि पुतणीला हाक मारली. "समीक्षा, म्याडमना देऊळ दाखव गं."

समीक्षा, कृष्णातची अकरावीतली लेक, पाहुणीला घेऊन गेली आणि घरची माणसं सोप्यात गोळा झाली. दिग्विजय बसलाच नाही. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत उभा राहिला.

"आये, दोनच महिनं ऱ्हायल्यात वर्षाला. आत्ताच कुणाला तरी उभा कर."

"कुणाला तरी?" सुलाबाईनं विचारलं.

"मला कर. भाऊ हाय मी त्येचा."

"तू?" नानासो उसळले. "कालिजाला सांगलीला गेलास त्या दिशी रुमाल खुंटीला लावलास. त्येला हात तरी लावलास का पुन्हा? आता म्याडमला फोटू पायजे म्हणून भाऊ झालास व्हय रं?"

"आबा, फोटूचा इषय न्हाई. अख्खा कार्यक्रम माझ्या भरवशावर टाकलाय त्येंनी. मी म्हणालो, आमच्या घरचा गजा हाय, शब्दाला पक्का. आता काय सांगू, की आमच्यातला एक जण दिसत न्हाई तुमाला, पर त्यो हाय?"

"तसंच सांग. खरं हाय ते."

"करू दे की भावजींना." आवाज दाराआडून आला. पल्लवी, कृष्णातची बायको, चौकटीला धरून उभी होती. सासऱ्यापुढं ती कधी मोठ्यानं बोलायची नाही, त्यामुळं सगळ्यांनी वळून बघितलं. "मामा, तुमी डोळं मिटून ढोल वाजवता. आत्ती गड्यांच्या पायांकडं बघत्यात. मला ती जागाच दिसती वो. रोज सराव, रोज ती जागा. दोन महिनं आधी मिटली तर काय बिघडंल?"

सुलाबाईला काय झालं कोण जाणे. जीभ सुटली ती सुटलीच. "तुला नगं झालाय त्यो! म्हणून घाई हाय तुला."

पल्लवीचे ओठ पांढरे पडले.

"व्हय," ती म्हणाली. "नगं झालाय. असा नगं झालाय मला. आसंल तर सबंध असावा, न्हाईतर..." पुढचं तिला बोलवलं नाही.

आपण काय बोलून बसलो हे सुलाबाईला त्याच क्षणी कळलं. पण थुंकलेलं गिळायचं कसं? ती जमिनीकडं बघत बसली. एवढ्यात अंगणातून चपला वाजल्या. शिवांजली परत आली होती, डोळे लाल करून. मागं समीक्षा मान खाली घालून उभी.

"दिग्विजय, ते फ्लेक्सवरच्या फोटोतले दादा गेले? आणि तू मला बोलला नाहीस? वर्षभर?"

"मी सांगितलं, काका," समीक्षा पुटपुटली. "त्यांनी विचारलं, फोटोतले कुठंयत म्हणून."

दिग्विजयनं एकदा सगळ्यांकडं बघितलं.

"सांगितलं असतं तर तुमी फोटो बदलला असता, म्याडम. गेलेल्या माणसाचा कोण लावतंय? औंदाच्या फ्लेक्सवर बी त्योच ऱ्हावा म्हणून गप बसलो. हापिसला जाताना चौकात भेटतो मला."

सुलाबाईनं झटकन मान वर केली. अरे देवा! आपण कडब्याखाली ठेवला आणि ह्यानं अख्ख्या सांगलीत उभा केला. दोघं मायलेक एकच काम करत होते आणि एकमेकांना पत्ता नव्हता. त्याला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं, पण परकं माणूस समोर होतं.

शिवांजली खाली जमिनीवरच बसली. तिचा चुलता सीमेवरून परतला नव्हता, तेही तिनं सांगितलं. मग जरा वेळानं म्हणाली, "आजी, मी चुकले. ती जागा तशीच राहू दे. उलट मी म्हणते, लोकांना कळू दे. आपण त्या जागेवर एक लाइट सोडू, फक्त त्या जागेवर. मागं पडद्यावर दादांचा फोटो. निवेदक दोन वाक्यं बोलेल आणि मग फेर सुरू. अशी रीत जगात कुठं असेल? लोक लांबून बघायला येतील."

नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. "रीत मोडत न्हाई नव्हं? मग काय हरकत न्हाई."

दिग्विजयचा जीव भांड्यात पडला. सुलाबाईनंही मान डोलावली. तिला हवं तेच तर होत होतं, जागा राहणार होती. फक्त पल्लवी चौकटीतून म्हणाली, "आन् लोकांनी ते बघायचं?" तोवर दिग्विजय म्याडमबरोबर गाडीकडं निघालासुद्धा.

महोत्सवाच्या दिवशी टेम्पो सांगलीत शिरला तेव्हा उन्हं कलली होती. पहिल्याच चौकात कृष्णात भेटला. पुढच्या चौकात परत. पुलाच्या तोंडाशी तर दोन मजल्यांएवढा. समीक्षा "आज्जी, बघ, बघ" करत होती. सुलाबाई प्रत्येक वेळी मान वळवून, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. पल्लवी मात्र मांडीवरच्या गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून खाली बघत होती. त्या दिवसानंतर सासूसुनेचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं, मीठ कुठंय आणि पाणी तापलं का.

नदीकाठावर नुसती जत्रा भरली होती. सकाळी धावलेली पोरं गळ्यात मेडल घालून हिंडत होती. पुण्या-मुंबईच्या गाड्या लागल्या होत्या. भडंगाच्या गाड्यांवर झुंबड होती. मैदानात मधोमध गोल आखलेला आणि मागं भिंतीएवढा पडदा. दिग्विजय कानाला यंत्र लावून पळत होता. चार माणसं त्याला 'सर, सर' करत होती. सुलाबाईला बरं वाटलं. पोरगं मोठं झालंय, म्हणाली मनाशी.

कार्यक्रमाआधी दिव्याची तालीम होती. गडी फेरात उभे राहिले, नानासो मधे ढोल अडकवून. वरून एक पांढराशुभ्र झोत आला आणि मोकळ्या जागेवर पडला. पडद्यावर कृष्णात आला. सतारीचे सूर सुरू झाले. निवेदक भरल्या आवाजात बोलायला लागला, "रसिकहो, ही जागा रिकामी नाही. इथं आजही एक धनगर नाचतो आहे..."

खोटं कशाला बोला, सुलाबाईला ते आवडलं. तिला हुंदका आला. माझ्या लेकराला केवढा मान, असं वाटलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"इथं टाळ्या येतील. तेवढं मी थांबतो," निवेदक एकदम साध्या आवाजात म्हणाला. "लाइट अर्धा सेकंद आधी घ्या. चला, परत एकदा."

झोत गेला, झोत आला. "रसिकहो, ही जागा रिकामी नाही." तोच कंप, त्याच शब्दावर. मग सतार उशिरा आली म्हणून आणखी एकदा. सुलाबाईनं पदर खाली घेतला. हुंदका होता तिथंच सुकला.

तालमीत मध्ये जरा खंड पडला. झोत मात्र तसाच चालू राहिला. कडेला उभी असलेली मेडलवाली पोरं दोरीखालून आत घुसली. एक पोरगं त्या उजेडात जाऊन उभं राहिलं, हात पसरून. दुसऱ्यानं मोबाइल धरला.

"ए, मी दिसतोय का? मी न्हाईच हाय हितं!"

खदाखदा हसली सगळी. मग दुसरा आला, मग एक पोरगी. उजेडात ओळच लागली. पोरं वाईट नव्हती. त्यांना काय ठाऊक? रखवालदारानं शिट्टी फुंकल्यावर "सॉरी काका" म्हणून पळालीसुद्धा. पण सुलाबाईनं तोंड फिरवलं. वर्षभर ज्या जागेवर शेजारच्या गड्यांनी चुकून पाय पडू दिला नव्हता, ती जागा आता कुणीही यावं नि उभं राहावं अशी झाली होती. उद्या ह्याच जागेचा फ्लेक्स लागेल. लोक विचारतील, ती मेलेल्याची जागा कुठाय हो, आम्हाला बघायचीय.

ती तरातरा मांडवाच्या मागं गेली. पल्लवी तिथं सतरंजीवर बसली होती.

"पल्लवी, गाठोडं सोड."

पल्लवीनं वर बघितलं. "आत्ती, वर्ष न्हाई भरलं."

"माज्या लेखी भरलं. सोड तू." सुलाबाई तिच्यासमोर बसली. "त्या दिशी मी बोलले ते..."

"ऱ्हाऊ द्या वो."

"ऱ्हाऊ कशी देऊ? माजी जीभ झडली न्हाई त्या वक्ती. तुला कळलं व्हतं आन् मला न्हाई कळलं. लोकांनी बघायची गोष्ट न्हाई ही."

पल्लवी गाठीशी झटायला लागली. गाठ वर्षाची बसलेली, बोटांना दाद देईना. शेवटी तिनं दातांनी सोडवली. झगा निघाला, पांढरा, चापूनचोपून घडी घातलेला. तिनं तो नाकाशी धरला.

"वास न्हाई ह्येला," म्हणाली. "मीच धुतला तवा. मयताच्या कामात समदं धुतात, तसा ह्यो बी धुतला. मला कुणी न्हाई सांगितलं, की धुवू नगंस."

आणि मग ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, सासूच्या खांद्यावर डोकं टाकून. सुलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लाउडस्पीकर बाहेर कुठल्यातरी गाडीचा नंबर ओरडून सांगत होता.

दिग्विजयला समीक्षानं हाताला धरून आणलं. उघडं गाठोडं बघून तो समजला आणि घाबरला.

"आये, आत्ता न्हाई. निवेदन ठरलंय, लाइट ठरलाय. तवा मीच म्हणत व्हतो तर तुमी न्हाई म्हणाला."

"तवा तुला म्याडमसाठी उभं ऱ्हायाचं व्हतं. आता माज्यासाठी ऱ्हा."

"मला पाय तरी येतील का गं? विसरलोय मी."

"येतील. त्यो शिकवलाय तुला."

नानासो टिपरू हातात घेऊनच आले. "सुले, रीत मोडतीयास तू."

"आवं, रीत त्येच्यासाठी का त्यो रीतीसाठी?" नवऱ्याला असं उलटून ती आयुष्यात बोलली नव्हती. "घरात ठेवायची वस्त चवाट्यावर मांडली आपण. मला न्हाई बघवत. पोरं त्येच्या जागंवर उभी ऱ्हाऊन हसत्यात, तुमी डोळं मिटून वाजवताय."

नानासोंनी टिपरू काखेत धरलं. मग त्यांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली आणि तिच्या हातावर ठेवली. शिवांजली कडेला येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती वाद घालेल असं दिग्विजयला वाटलं. ती कानातल्या यंत्रात एवढंच म्हणाली, "तो लाइट काढा. फोटोही नको. निवेदन रद्द. नुसता गजा."

पल्लवीनं दिराला झगा घातला. बाह्या जरा आखूड झाल्या. नानासोंनी फेटा बांधला. समीक्षानं रुमाल दिले. सुलाबाई त्याचं मनगट धरून मैदानात आली, तेव्हा लोकांना वाटलं, असेल काही कार्यक्रमातलंच. फेरातल्या गड्यांनी मात्र ओळखलं. त्यांनी माना खाली घातल्या.

ती मोकळ्या जागेपाशी थांबली. लेकाच्या कपाळाला भंडारा लावला. आता त्याला आत ढकलायचं, इतकंच उरलं होतं, पण हात उठेना. जिथं कुणीच नव्हतं तिकडं तोंड करून ती हळूच म्हणाली, "कृष्णा, सरक रं बाळा. धाकट्याला जागा दे."

दिग्विजयला ते ऐकू गेलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, तसाच तो आत गेला आणि उभा राहिला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" ढोल घुमला.

पहिल्या दोन फेऱ्यांत दिग्विजय चुकला. शेजारच्या गड्यांनी सांभाळून घेतलं. तिसऱ्या फेऱ्याला पाय लागला, रुमाल वर गेले. सुलाबाई दोरीपलीकडं येऊन सुनेशेजारी उभी राहिली. डोक्यावर ड्रोन भुंग्यासारखा घुमत होता आणि पडद्यावर वरून टिपलेला फेर दिसत होता, पिवळ्या फेट्यांचा, गोल, कुठंही न तुटलेला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेजारची एक बाई कौतुकानं म्हणाली, "काय सुरेख दिसतं ना!"

"आज्जी, काका कुठला गं ह्यात?" समीक्षानं विचारलं.

सुलाबाई शोधायला लागली. सगळे फेटे सारखे, झगे सारखे, रुमाल एकाच वेळी वर जात होते, एकाच वेळी खाली. वर्षभर ती जागा तिला झोपेतसुद्धा सापडायची, गावातून, अंगणातून, ढोल लांबून नुसता ऐकला तरी. आता ती एकेक फेटा बघत होती आणि फेर पुढं सरकत होता. ह्या दोघांच्या मधे होती का? का त्या दोघांच्या?

तिनं पल्लवीचा हात घट्ट धरला. "तुला तरी घावतीया का गं ती जागा?"

पल्लवी पडद्याकडं बघत होती. बराच वेळ बघून तिनं मान हलवली.

"न्हाई, आत्ती."